यूकेत केअररच्या किंवा एचसीएच्या जॉबला अर्ज करताय? घरी केलेली सेवा फॉर्ममध्ये लिहा

दर महिन्याला कोणीतरी ताई मेसेज करते, "ह्यांच्या जॉबमुळे इकडे आलो, मुलं शाळेत जायला लागली, आता मलाही काहीतरी करायचंय, अनुभव नसला तरी केअरमध्ये घेतात का?" घेतात. पण पुढचा मेसेज असतो, "वीस ठिकाणी अप्लाय केलं, एकाचाही फोन नाही", आणि भरलेला फॉर्म बघायला मागितला की का नाही ते दोन मिनिटांत कळतं. मी साताऱ्याकडची, इकडे येऊन सहा वर्षं झाली, आधी केअर होममध्ये (म्हातारी-आजारी माणसं राहतात तिथे) त्यांची सेवा करणारी केअरर होते आणि आता हॉस्पिटलच्या वॉर्डवर हेल्थकेअर असिस्टंट म्हणजे एचसीए आहे. मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर जवळजवळ एक वर्ष वाचलं असतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते. हे इंग्लंडपुरतं आहे, स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये चेकिंगचे आणि रजिस्ट्रेशनचे नियम वेगळे आहेत.

आधी व्हिसाचं, कारण भारतातून पण बरेच जण विचारतात. केअररच्या कामासाठी भारतातून थेट व्हिसावर येण्याचा रस्ता २२ जुलै २०२५ पासून बंद झालाय. त्याच्याही आधी, ११ मार्च २०२४ पासून, नव्याने येणाऱ्या केअररला नवराबायकोला किंवा मुलांना सोबत आणता येणं बंद झालं होतं. तरीसुद्धा गावाकडे अजून एजंट फिरतायत, "स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट (व्हिसासाठी इथला मालक देतो तो दाखला) मिळवून देतो, एवढे लाख भरा" म्हणून. कृपा करून शेत गहाण ठेवून कोणाला पैसे देऊ नका. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट ही विकायची वस्तूच नाही, आणि इथल्या १९७३ च्या कायद्याप्रमाणे नोकरी शोधून देण्याबद्दल एजन्सीने उमेदवाराकडून फी घेणं बेकायदेशीर आहे. मी स्वतः इकडे नवीन असताना एका एजन्सीने "ट्रेनिंग फी" म्हणून १८० पाउंड घेतले, दोन तास व्हिडिओ दाखवले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. ते पैसे घरखर्चातून बाजूला काढलेले होते, अजून आठवलं की जीव जळतो.

तर हे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठी जे ऑलरेडी इथे आहेत आणि ज्यांना काम करायची परवानगी आहे. स्किल्ड वर्करच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या) डिपेंडंटला, म्हणजे नवऱ्याला-बायकोला, जवळपास सगळी कामं करता येतात. विद्यार्थी असाल तर डिग्री कोर्सला टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, आणि ते सगळ्या जॉबचे मिळून २० आहेत, एका एजन्सीकडे २० आणि दुसरीकडे अजून १० असं अजिबात करू नका, व्हिसा जातो. आता कार्ड वगैरे नाही, ई-व्हिसा असतो, गव्ह डॉट यूकेवर लॉगिन करून राइट टू वर्कचा (कामाची परवानगी मालकाला दाखवायचा) शेअर कोड काढायचा, तो ९० दिवस चालतो, त्यामुळे ऑफर आल्यावर काढला तरी पुरतो.

आता जॉब कुठे असतात ते. दोन वेगळ्या दुनिया आहेत आणि अर्जाची पद्धतही वेगळी. एक म्हणजे हॉस्पिटल, म्हणजे एनएचएस, इथली सरकारी आरोग्य सेवा. तिथले जॉब एनएचएस जॉब्स आणि ट्रॅक जॉब्स या दोन वेबसाइटवर येतात, पगार बँडप्रमाणे, म्हणजे श्रेणीप्रमाणे, ठरलेला असतो. बँड २ च्या एचसीएला अंघोळ, टॉयलेट, जेवण असं पर्सनल केअरचं काम, आणि बँड ३ मध्ये त्याच्यासोबत बीपी घेणं, शुगर तपासणं असली क्लिनिकल कामं. २०२५-२६ ला बँड २ चा पूर्णवेळ पगार वर्षाला २४,४६५ पाउंड होता, त्यावर रात्रीचे आणि शनिवार-रविवारचे जास्तीचे पैसे वेगळे. तिथे "बँक" असं लिहिलेल्या जाहिराती दिसतील, तो पैशाच्या बँकेतला जॉब नाही, हॉस्पिटलच्या स्वतःच्या हंगामी स्टाफची यादी म्हणजे बँक, हव्या तेव्हा शिफ्ट घ्यायच्या. लहान मुलं असलेल्या आयांना हा प्रकार खूप सोयीचा पडतो पण नवख्यांना सहसा आधी थोडा अनुभव मागतात.

दुसरी दुनिया सोशल केअरची. केअर होम, लोकांच्या घरी जाऊन करायचं होम केअर, आणि लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अडचण) असलेल्या लोकांसोबतचं सपोर्टेड लिव्हिंग, म्हणजे त्यांना त्यांच्या घरी राहायला मदत करणं. हे बहुतेक खाजगी कंपन्यांकडे असतं, पगार किमान वेतनाच्या आसपास (एप्रिल २०२५ पासून २१ वर्षांवरच्यांना तासाला १२.२१ पाउंड होतं), पण आत शिरायला सोपं. माझं मत विचाराल तर पहिली नोकरी केअर होममध्येच बघा. तिथे अनुभवी बाई तुमच्या शेजारी उभी राहून शिकवते, होम केअरमध्ये काही दिवसांच्या शॅडोइंगनंतर (अनुभवी केअररसोबत फिरून बघणं) तुम्ही एकट्या कोणाच्या तरी दारात उभ्या असता. होम कसं आहे ते अर्ज करायच्या आधी सीक्यूसीच्या (केअरची तपासणी करणारी सरकारी संस्था) वेबसाइटवर नाव टाकून बघा, सरकारी तपासणीचा अख्खा रिपोर्ट असतो. "इनॅडिक्वेट" (अपुरं, सगळ्यात वाईट) शेरा असेल तर नवीन माणसाने तिकडे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, तिथे स्टाफ कमी असतो आणि चुकीच्या सवयी लागतात.

आता फॉर्म. खरा घोळ इथेच होतो.

प्रत्येक जाहिरातीसोबत "पर्सन स्पेसिफिकेशन" (कसा माणूस हवा) नावाचं एक कोष्टक असतं. त्यात "इसेन्शियल" (हवंच) आणि "डिझायरेबल" (असेल तर बरं) असे दोन रकाने. शॉर्टलिस्ट करणारी माणसं हे कोष्टक समोर ठेवून, तुमच्या "सपोर्टिंग इन्फर्मेशन"मध्ये (फॉर्ममध्ये स्वतःबद्दल लिहायची जागा) त्यातला एकेक मुद्दा सापडतोय का ते बघून मार्क देतात. म्हणजे परीक्षेचा पेपर आधीच हातात दिलेला असतो आणि आपण तो न उघडता निबंध लिहून येतो! आणि निबंध पण कसला, "आय ॲम हार्डवर्किंग, ऑनेस्ट अँड आय लव्ह हेल्पिंग पीपल". त्याला कोणत्याच रकान्यात मार्क नाहीत. कोष्टक एका बाजूला उघडा, इसेन्शियलचा प्रत्येक मुद्दा वहीत उतरवा, प्रत्येकाखाली तुमच्या आयुष्यातला एक खरा प्रसंग लिहा, आणि मग त्याच क्रमाने फॉर्म भरा. छोटे मथळे दिले तरी चालतात, वाचणाऱ्याला सोपं जातं.

"पण माझ्याकडे केअरचा अनुभवच नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी विचारते, घरी कोणाचं काही केलंस का गं? एक मैत्रीण आहे, बी.कॉम., नगरची, फॉर्ममध्ये लिहून आली होती "मी माझ्या सासऱ्यांना सांभाळलं आहे", बस, एक ओळ. माझ्या किचनच्या टेबलाशी बसवून तिला विचारलं, सकाळी उठल्यापासून काय काय करायचीस ते सांग. सासऱ्यांना लकवा मारलेला, उजवी बाजू गेलेली, चार वर्षं अंथरुणाला होते. तिने सांगायला सुरुवात केली. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा आणि काढताना आधी चांगला हात मोकळा करायचा, नाहीतर खांदा दुखून ते ओरडायचे. चमच्याने पेज भरवताना पाठीला दोन उशा लावून सरळ बसवायचं, एक घास गिळून झाला की तोंड रिकामं झालंय ना बघून मगच दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. टाचेला लाल डाग दिसला आणि दाबून पांढरा पडेना, तेव्हा तिने त्याच दिवशी सिस्टरना बोलावलं. बीपीचे आकडे कॅलेंडरवर लिहायची. अंघोळीच्या वेळी ते लाजायचे, चिडायचे, म्हणून आधी टॉवेल पांघरून जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायची आणि "नाना, आता पाठ पुसते हं" असं आधी सांगूनच हात लावायची.

मी तिला म्हटलं, अगं हे सगळं आम्हाला इथे ट्रेनिंगमध्ये शिकवतात! टॉवेलचं ते डिग्निटी (मान राखणं), सांगून हात लावणं ते कन्सेंट (संमती), टाचेचा डाग म्हणजे प्रेशर एरिया केअर (पडून राहून होणाऱ्या जखमा टाळणं), कॅलेंडर म्हणजे रेकॉर्ड कीपिंग, सिस्टरला त्याच दिवशी बोलावणं म्हणजे वेळेवर एस्कलेट करणं (वरच्यांना कळवणं). सगळा कोष्टकातला माल. ते सगळं तिच्याच साध्या इंग्लिशमध्ये लिहिलं आणि त्या अर्जावर तिला इंटरव्ह्यूला बोलावलं. आपल्याकडे हे बायकांचं कर्तव्य म्हणून कोणी मोजत नाही, आपण स्वतःही मोजत नाही, पण इथल्या कितीतरी जाहिरातींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की अनुभव पगारी, व्हॉलंटरी किंवा घरचा कुठलाही चालेल. तेवढं वाचा आणि हक्काने लिहा.

शब्दांची थोडी काळजी घ्या. डायपर नाही म्हणायचं, पॅड म्हणायचं, मोठ्या माणसाला बाळासारखं वागवल्यासारखं वाटतं. "फीडिंग" पेक्षा "जेवायला मदत", "डिमेन्शियाने पीडित" ऐवजी "डिमेन्शियासोबत जगणारे". चॅटजीपीटीकडून अख्खं लिहून घेऊ नका, स्पेलिंग-ग्रामर तपासायला वापरा हवं तर, पण तिथून आलेलं सगळ्यांचं सारखंच दिसतं आणि त्यात तुमचे नाना नसतात. आणि जाहिरात दिसली की दोन-तीन दिवसांत अर्ज टाका, एचसीएच्या जाहिराती भरपूर अर्ज आले की शेवटच्या तारखेच्या आधीच बंद करतात.

गॅपबद्दल. लग्नानंतर, बाळंतपणानंतर मधली पाच-सात-दहा वर्षं नोकरी नाही, म्हणून आपण ती जागा रिकामी सोडतो, मीही तेच केलं होतं आणि माझे पहिले बरेच अर्ज तिथेच अडकले. केअरमध्ये कायदाच असा आहे की मालकाकडे तुमचा पूर्ण कामाचा इतिहास आणि त्यातल्या प्रत्येक गॅपचं लेखी कारण हवं. कारण चांगलं-वाईट असं काही नसतं, फक्त रिकामी जागा नको. "जून २०१५ ते ऑगस्ट २०२१, घरी, दोन मुलांचं संगोपन आणि सासूबाईंची काळजी" असं महिन्यासकट लिहायचं, झालं.

रेफरन्स, म्हणजे आधीच्या साहेबांनी तुमच्याबद्दल दिलेली माहिती, ही दुसरी अडचण. एनएचएसला निदान मागच्या तीन वर्षांचा हिशोब लागतो. नातेवाईक चालत नाहीत. भारतातल्या जुन्या शाळेचे हेडमास्तर, ऑफिसचे साहेब चालतात पण शक्यतो त्यांचा ऑफिशियल ईमेल द्या, जीमेल दिला की इकडचा एचआर शंका काढतो. आणि त्यांना आधी फोन करून ठेवा हो, "सर, इंग्लंडवरून एक मेल येईल, स्पॅममध्ये पण बघा, आठवड्यात उत्तर द्या". माझा जॉइनिंग सहा आठवडे लांबला तो फक्त गावाकडच्या एका सरांनी मेल उघडला नाही म्हणून, त्यांचा काहीच दोष नव्हता, मीच सांगितलं नव्हतं. नोकरी कधी केलीच नसेल तर आधी दोन-तीन महिने हॉस्पिटलमध्ये किंवा चॅरिटीच्या डे सेंटरमध्ये व्हॉलंटियर म्हणून जा. रेफरन्सही मिळतो, इंग्लिशही सुटतं, आणि हे काम आपल्याला झेपेल का तेही कळतं.

मग डीबीएस, म्हणजे पोलिस रेकॉर्डची तपासणी. या कामाला एन्हान्स्ड डीबीएस लागतो आणि तो स्वतःहून काढता येत नाही, ऑफर दिल्यावर मालकच अर्ज करतो. त्यामुळे "आधी आमच्याकडून डीबीएस काढून घ्या" म्हणणाऱ्याकडून लांब राहा. डिसेंबर २०२४ पासून त्याची सरकारी फी ४९.५० पाउंड आहे, बऱ्याच ठिकाणी मालक भरतो, काही ठिकाणी पहिल्या पगारातून कापतात, आधी विचारा. सर्टिफिकेट आलं की ३० दिवसांच्या आत अपडेट सर्व्हिसला (तेच सर्टिफिकेट ऑनलाइन चालू ठेवायची सोय) जॉइन व्हा, वर्षाला १६ पाउंड, म्हणजे पुढच्या नोकरीला बहुतेक वेळा परत नवीन काढावं लागत नाही. मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते तारखांसकट लागतात, भारतातले पण, पिनकोडसकट, तर ते एका कागदावर काढून ठेवा. भारतातलं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटही बरेच जण मागतात.

आणि आपल्या बायकांचं नाव! शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि मध्ये वडिलांचं, पासपोर्टवर सासरचं आणि मध्ये नवऱ्याचं, बँकेत अजून तिसरंच काहीतरी. इथल्या माणसाला हे कळतच नाही, त्याला वाटतं तीन वेगळ्या बायका आहेत. डीबीएसच्या फॉर्मवर "आधीची नावं" म्हणून रकाना असतो तिथे सगळी नावं तारखांसकट लिहा, लपवल्यासारखं दिसू देऊ नका, आणि इंग्लिशमधलं मॅरेज सर्टिफिकेट जवळ ठेवा. ते मराठीत असेल तर सर्टिफाइड ट्रान्सलेशन आधीच करून घ्या.

अजून एक, "केअर सर्टिफिकेट" (नवीन केअररच्या पायाभूत ट्रेनिंगचं) ऑनलाइन विकत घेऊ नका. २०१५ पासून नवीन केअररला ते करावं लागतं हे खरं, पण ते नोकरी लागल्यावर, कामावर कोणीतरी तुम्हाला प्रत्यक्ष करताना बघून सही करतं. पैसे भरून मिळतो तो फक्त थिअरीचा कागद.

इंटरव्ह्यूला दोन-तीन जण असतात, प्रश्न सगळ्यांना सारखे, आणि तुम्ही बोलता तसं ते लिहून घेतात आणि मार्क देतात. म्हणून खाली मान घालून लिहायला लागले तर घाबरू नका. प्रश्न नाही कळला तर परत विचारायला सांगा, त्याचे मार्क कापत नाहीत. आपली एक सवय मात्र इथे नडते. आपल्याला "मी केलं" म्हणणं म्हणजे बढाई वाटते, आपण "आम्ही केलं", "घरच्यांनी केलं" म्हणतो. त्यांना तुमचं ऐकायचंय. काय परिस्थिती होती, तुम्ही काय करायचं ठरवलं, काय केलंत, काय झालं, एवढं सरळ सांगा, "मी" म्हणून.

काही प्रश्न हमखास येतात. "एखाद्या आजींनी अंघोळीला नकार दिला तर?" आपण प्रेमापोटी म्हणतो, समजावून घालेनच अंघोळ. इथे ते चुकीचं उत्तर आहे. २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टप्रमाणे माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकतो असंच आधी धरून चालायचं, तो निर्णय आपल्याला पटो न पटो. मग सांगायचं की मी कारण विचारेन, थंडी वाजतेय का, दुखतंय का, पुरुष केअरर नको आहे का, नुसतं तोंड-हात पुसू का असा पर्याय देईन, थोड्या वेळाने परत विचारेन, तरी नाही म्हणाल्या तर नोंद करेन आणि नर्सला सांगेन. दुसरा प्रश्न, "सोबतची केअरर एका आजोबांवर ओरडताना दिसली तर?" मैत्रीण असली तरी लपवायचं नाही, आधी आजोबा सुरक्षित आहेत ना बघायचं, मग लगेच मॅनेजरला सांगायचं, मॅनेजरने दुर्लक्ष केलं तर त्याच्याही वर. आणि "मी सांगते पण कोणाला बोलू नकोस" असं एखाद्या रेसिडेंटने (होममध्ये राहणाऱ्याने) म्हटलं तर? गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, प्रेमाने सांगायचं की तुमच्या सुरक्षेचं काही असेल तर मला वर सांगावं लागेल. सेफगार्डिंगच्या (माणसाला छळापासून जपण्याच्या) या प्रश्नाला गडबडलात की बाकी कितीही चांगलं बोललात तरी अवघड जातं, म्हणून हे आरशासमोर दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघा.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात, तेव्हा नुसतं "नो, थँक्यू" म्हणून उठू नका. होम केअर असेल तर एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याच्या वेळेचे पैसे मिळतात का, पेट्रोलचे मैलाला किती, कॉन्ट्रॅक्ट झिरो अवर्सचं (कामाच्या तासांची हमी नसलेलं) आहे का, हे सगळं स्पष्ट विचारा. बारा तास घराबाहेर आणि पैसे सात तासांचे, असं होणाऱ्या मुली मी बघितल्यात. गाडी चालवून जायचं असेल तर भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, तेही लक्षात ठेवा. रात्रपाळी असेल तर "वेकिंग नाइट" (रात्रभर जागं) की "स्लीप-इन" (तिथेच झोपून, गरज पडली तर उठायचं) ते विचारा, कारण २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे स्लीप-इनमध्ये झोपेच्या तासांना किमान वेतन लागू होत नाही. आणि गुजराती, हिंदी, उर्दू येत असेल तर फॉर्ममध्येही लिहा आणि इथेही सांगा. लेस्टर, हॅरो, वेम्बली अशा भागांत डिमेन्शियामुळे इंग्लिश विसरून परत गुजरातीत बोलायला लागलेले आजी-आजोबा आहेत, त्यांना "केम छो बा" ऐकू आलं की चेहरा कसा बदलतो ते मी पाहिलंय, मुंबईत वाढलेल्यांना तर ती भाषा आपसूक येते.

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांनी एचसीएवर थांबू नका. एनएमसीचं (इथली नर्सिंग कौन्सिल) रजिस्ट्रेशन, इंग्लिशची परीक्षा, मग सीबीटी (कॉम्प्युटरवरची परीक्षा) आणि ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) असा रस्ता आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून व्हेरिफिकेशन लागतं, त्याला वेळ जातो म्हणून ते आधी सुरू करा. एचसीएचं काम करत करत हे होतं, बरीच हॉस्पिटलं मदतही करतात. बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना इथे डॉक्टर म्हणून रजिस्टर होता येत नाही हे कडू आहे पण खरं आहे, फॉर्ममध्ये मात्र डिग्री लपवू नका.

ऑफर आली की रक्ताची तपासणी, हेपटायटिस बी, गोवर, टीबीचे प्रश्न येतात, मुलांसारखी आपली लसीकरणाची वही कोणाकडेच नसते, त्यामुळे अँटिबॉडी टेस्ट करतात, घाबरायचं नाही. नॅशनल इन्शुरन्स नंबर आला नसेल तरी कामाला सुरुवात करता येते. आणि पहिल्या दिवसासाठी, वॉर्डवर कोपराखाली काही चालत नाही, बांगड्या घरी काढून ठेवायच्या, साधी अंगठी चालते. मंगळसूत्राचं प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे, ते इंडक्शनच्या (सुरुवातीच्या ट्रेनिंगच्या) आधीच विचारून घ्या. मनगटी घड्याळही नाही, छातीला पिनने उलटं लटकवायचं घड्याळ असतं, ऑनलाइन चार-पाच पाउंडला मिळतं, सेकंद काटा असलेलं बघून घ्या, श्वास मोजायला लागतो.